हरणासाठी शिशाची गोळी की तांब्याची?

नोव्हेंबरचा हरणाच्या शिकारीचा सीझन तोंडावर आला की अमेरिकेतल्या मिनेसोटात नुकतंच शिकारीचं लायसन्स काढलेल्या एखाद्या मराठी मित्राचा फोन येतोच, ‘काडतुसं कुठली घेऊ?’ मी सहा सीझन शिशाची वापरली, गेले चार तांब्याची. रायफल तीच, .३०८ कॅलिबरची.

शिशाची गोळी कुठेही मिळते आणि स्वस्त पडते, त्यामुळे सरावात हात आखडता घ्यावा लागत नाही. ही गोष्ट लहान नाही. सराव नसलेला माणूस हरिण जखमी करून सोडतो, त्याहून वाईट काही नाही. शिवाय शिसं मऊ, वेग कमी झाला तरी अंगात शिरताना फुलतं, म्हणजे पसरून रुंद होतं. शिशाने टिपलेली माझी बहुतेक हरणं जागीच बसली. तांब्याने टिपलेली दोन चाळीस-पन्नास पावलं पळाली, पण गोळी आरपार गेल्याने रक्ताचा माग ठळक होता.

मला जाच झाला तो घरी मांस साफ करताना. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने २००८ साली मेलेल्या मेंढ्यांवर गोळ्या झाडून हेच दाखवलं होतं. खांद्याभोवतीचं काळंनिळं मांस मी वीतभर सोडून कापायचो, मग आणखी चार बोटं, तरी समाधान नाही. एकदा खिमा धुताना परातीच्या तळाशी मोहरीच्या निम्म्याएवढा राखाडी कण दिसला. नखाने दाबला तर चपटा झाला. घरात तीन वर्षांची लेक. सगळा खिमा टाकून दिला. ज्याचा जीव घेतला त्याचं मांस कचऱ्यात टाकताना फार वाईट वाटलं.

आणि आपण रानात सोडलेल्या आतड्यांवर बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, उतरतात. शिशाची विषबाधा झालेले ईगल मिनेसोटा विद्यापीठाच्या रॅप्टर सेंटरमध्ये, म्हणजे शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात, उपचाराला येतात. कॅलिफोर्नियाने तर काँडोर गिधाडांच्या काळजीतून २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली.

तांब्यालाही पथ्यं आहेत. गोळीचं वजन एक पायरी कमी घ्यावं; मी १६५ ग्रेनवरून (ग्रेन हे गोळी तोलायचं माप) १५० वर आलो. स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) नव्याने झिरो करावाच लागतो, म्हणजे गोळी नेमाच्या जागीच लागेल असा जुळवावा लागतो. वेग फार उतरला तर गोळी नीट फुलत नाही, म्हणून मी दीडशे यार्डांपलीकडे घोडा दाबत नाही. आरपार जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा हरणामागे मातीचा चढ दिसत नसेल तर थांबायचं. तसं शिशालाही थांबायलाच हवं.

तुमच्या रानात लांबचेच नेम घ्यावे लागत असतील किंवा रायफल जुनी नि तांब्यावर रुसणारी, म्हणजे तांब्याच्या गोळीने नेम चुकवणारी असेल, तर शिसं घेतलंत म्हणून मी नावं ठेवणार नाही. पण मांस घरी शिजणार असेल, तर ऑक्टोबर उजाडायच्या आत तांब्याचे एकाच जातीचे दोन डबे घेऊन ठेवा. एक रेंजवर संपवा, दुसरा रानात न्या.