घरी बनवलेला फोर्स फीडबॅक योक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

योक म्हणजे विमानाचं हँडल. संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी तो बनवताना मोटर लावून खऱ्या विमानासारखा जोर हाताला दिला, की तो फोर्स फीडबॅक. असा योक बनवायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोटर किती ताकदीची घ्यावी? आठ महिने रोज वापरल्यावर सांगतो, ताकदीची काळजी सगळ्यात शेवटी करा. आधी घर्षण उतरवा आणि ट्रिमचं, म्हणजे योकवरचा सततचा भार उतरवणाऱ्या चाकाचं, गणित जुळवा. या दोन गोष्टी बसल्या की तीन किलोचा जोरही खऱ्या विमानासारखा वाटतो. त्या बसल्या नाहीत, तर दहा किलोची मोटर लावूनही हातात फक्त एक जड स्प्रिंग उरते.

बांधणी सेसना १७२ हे छोटं विमान डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. पुढे-मागे (पिच) १८० मिमी प्रवास, वळायला (रोल) दोन्ही बाजूंना ९० अंश. दोन्ही अक्षांना ई-स्कूटरमध्ये येणारी एमवाय १०१६ मोटर, २४ व्होल्ट, २५० वॉट. पिचला दर ५ मिमीला दात असलेल्या बेल्टवर १५ दातांची पुली, गिअर नाही. मोटरच्या एका फेऱ्यात योक ७५ मिमी सरकतो आणि १० अँपिअरला साधारण ५.७ किलो जोर येतो. रोलला १५ दातांवरून ७२ दातांवर, म्हणजे ४.८ पट. दोन्हीकडे पूर्ण प्रवासाला मोटरचे बरोबर २.४ फेरे होतात, त्यामुळे फर्मवेअरमध्ये (बोर्डवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोन्ही अक्षांचा कोड एकच राहतो. रेल आणि १५ अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) धरून खर्च साधारण २० हजारांच्या घरात गेला.

वायपर मोटर स्वस्त मिळते म्हणून तिच्याकडे वळू नका. तिच्या आत वर्म गिअर असतो, तो बाहेरून हाताने उलटा फिरत नाही. मोटर योकला ढकलते, पण हात मोटरला ढकलू शकत नाही. फोर्स फीडबॅकमध्ये हाताने मोटरला ढकलता येणं हेच तर हवं असतं.

आता घर्षण. वीज बंद ठेवून योकला सामान तोलायचा लगेज काटा अडकवा, सावकाश ओढा आणि योक हलतो तेव्हाचा आकडा बघा. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर तो ९०० ग्रॅम आला, तळाला आधार असलेल्या १६ मिमी रॉडवर आणि बॉल बेअरिंगवर ३०० ग्रॅम. १०० नॉटला पूर्ण ओढीला, म्हणजे ९० मिमीला, ५.७ किलो धरले तर दर मिमीला ६३ ग्रॅम होतात. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून ६० नॉटला उरतात २३ ग्रॅम. म्हणजे ९०० ग्रॅम घर्षण असेल तर लँडिंगच्या वेगाला योक मध्यापासून दोन्ही बाजूंना ३९ मिमीपर्यंत कुठेही सोडला तरी तिथेच थांबतो. ३०० ग्रॅमला हा मेलेला पट्टा १३ मिमीवर येतो. उतरताना हाताला विमान कळायला हवं, नेमक्या त्याच वेळी चॅनेलवाला योक मुका होतो. पुढे फर्मवेअरमध्ये, योक ज्या दिशेला सरकतोय त्या दिशेला २०० ग्रॅमचा टेकू दिला की हा पट्टा आणखी कमी होतो. टेकू घर्षणाच्या बरोबरीला नेलात तर मात्र योक आपोआप चालू लागतो.

मोटरी सांभाळणारा बोर्ड अर्डुइनो लिओनार्डो. प्रो मायक्रो लहान आणि स्वस्त आहे, पण त्यावर १३ नंबरची पिन बाहेर काढलेली नाही आणि इथे ती लागते. मोटरला वीज देणाऱ्या एका बीटीएस ७९६० ड्रायव्हरला दोन पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारे सिग्नल) लागतात : पिचसाठी ९ आणि १० घ्या, त्या टायमर १ वर आहेत. रोलसाठी ६ आणि १३, टायमर ४ वर. दोन्ही टायमर फेज करेक्ट मोडमध्ये, वरची मर्यादा ४०० ठेवून चालवले की बरोबर २० किलोहर्ट्झ मिळतात आणि मोटरचं किंचाळणं थांबतं. ड्रायव्हरवर ४३ अँपिअर छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. १० अँपिअरलाच पंखा लावावा लागला.

मोटर किती फिरली ते मोजणारे एन्कोडर ६०० पल्सचे ऑप्टिकल, म्हणजे फेऱ्याला २४०० मोजण्या. त्यांच्या चार तारा ० ते ३ या पिनांवर जातात. २ आणि ३ याच आय-टू-सी या सेन्सर जोडायच्या बसच्या पिना असल्यामुळे तिच्यावर दुसरा सेन्सर लावता येत नाही, हे आधीच ठरवून घ्या. या एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते तार फक्त खाली ओढतं आणि वर ओढायला पुल-अप रेझिस्टर लागतो. बोर्डच्या आतले पुल-अप इतके अशक्त की मोटरच्या तारांचा गोंगाट मोजणीत शिरतो. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, तासाभराने योकचा मध्य बोटभर सरकलेला असतो. प्रत्येक तारेला ५ व्होल्टवर २.२ किलोओहम आणि शिल्ड केलेली केबल लावल्यावर आठ महिन्यांत मध्य हललेला नाही. वीज दिल्यावर योक हळूच मागे जाऊन लिमिट स्विचला टेकतो आणि तिथून ९० मिमी पुढे शून्य धरतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते वीजपुरवठ्याने. योक जोरात ढकलला की मोटर जनरेटर होते, व्होल्टेज चढतं आणि एसएमपीएस ट्रिप होतो. बीटीएस ७९६० ची मर्यादा २७.५ व्होल्ट, म्हणजे २४ वर हाताशी जागाच उरत नाही. एसएमपीएसवरचा व्होल्टेज बदलायचा छोटा पॉट फिरवून आउटपुट २२ वर आणा. लाइनवर ५० व्होल्टचे, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि २६ व्होल्टला चालू होणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्यामागे जास्तीची वीज जिरवणारा ५ ओहम १०० वॉटचा रेझिस्टर. त्यानंतर एकही ट्रिप नाही. मोटरच्या लाइनवर १५ अँपिअरचा फ्यूज आणि हाताशी लाल मशरूम स्विच लावाच. हा स्विच मोटरची वीज तोडतो, बोर्डची नाही. फर्मवेअर फसलं तर मोटर १० अँपिअरवर थांबत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे संगणकाने जोर मोजायचा आणि बोर्डला पाठवायचा. सेकंदाला ५० वेळा आलेला जोर हाताला गुरगुरल्यासारखा लागतो. संगणकाकडून दोनच आकडे घ्या : स्प्रिंग किती कडक आणि शून्य कुठे. जोराचा हिशोब बोर्डवर सेकंदाला १००० वेळा करा. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर नेटवर्कच्या ४९००० या यूडीपी पोर्टवर मागाल ती मूल्यं देतो, आपल्याला हवेत फक्त दर्शनी वेग आणि एलिव्हेटर ट्रिम. यूएसबीवरून २०० मिलिसेकंद काही आलं नाही, तर बोर्डने जोर शून्य करावा.

आणि आता ट्रिम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. साध्या योकमध्ये ट्रिम फिरवताना हात हळूहळू मध्याकडे आणावा लागतो. खऱ्या सेसनात हात जागच्या जागी राहतो आणि त्यावरचा भार उतरतो. हे साधायला शून्यबिंदू ट्रिमबरोबर सरकवला, पण सिम्युलेटर स्वतःही ट्रिमचा परिणाम देतो, त्यामुळे तो दुप्पट होतो आणि विमान नाक वर काढतं. उपाय असा : शून्यबिंदू जितका सरकवला, तितकाच सिम्युलेटरला जाणाऱ्या अक्षातून वजा करा. गुणक काढायला ९० नॉटला सपाट उडत राहा, ट्रिम मध्यावर ठेवून योक हाताने धरा आणि अक्षाचं मूल्य लिहा. मग योक मध्यावर सोडून विमान ट्रिमवर सपाट करा आणि ट्रिमचं मूल्य लिहा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की गुणक मिळाला. तो बरोबर असेल तर योक २० मिमी ओढून धरा आणि ट्रिमचं चाक फिरवा : नाक क्षितिजावरून हलत नाही, बोटांवरचं ओझं तेवढं विरघळत जातं, आणि शेवटी हात काढला तरी योक तिथेच उभा राहतो. साध्या योकवर महिनोन्‌महिने उडून ही सवय लागत नाही, इथे ती पहिल्याच आठवड्यात लागते.

जमिनीवर २० नॉटच्या खाली ६०० ग्रॅमचा सतत पुढे ओढणारा जोर दिला आहे, कारण उभ्या सेसनाचा एलिव्हेटर वजनाने खाली लोंबतो आणि योक पुढे पडतो. ५० नॉटपर्यंत तो हळूहळू शून्यावर येतो.

आठ महिन्यांत झीज थोडी झाली. पहिल्या महिन्यात दोन्ही बेल्ट सैल पडले. पिचचा बेल्ट सैल झाला की मध्याभोवती योक थरथरतो आणि दोष फर्मवेअरचा वाटतो, म्हणून आधी बेल्ट दाबून बघा. पावसाळ्यात रॉडवर गंजाचे ठिपके आले. महिन्यातून एकदा मशीन ऑइलचा बोळा फिरवला तरी पुरतं. सावकाश ओढताना मोटरचे चुंबकीय टप्पे बोटांना दाणेदार लागतात. ते फर्मवेअरने पूर्ण जात नाहीत.

मोठी उणीव एकच. रोलची मोटर सरकत्या गाड्यावर बसवल्यामुळे गाडा ४.५ किलोचा झाला. हळू हालचालीत हे कळत नाही, पण फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक उचलताना) योक झटकन मागे घेताना ते वजन हाताला जाणवतं. नव्याने करणाऱ्याने रोलची मोटर मागच्या चौकटीला पक्की करावी आणि चौकोनी पोकळ दांडा तिच्या पुलीतून, चारही बाजूंनी छोटी बेअरिंग लावून, आरपार सरकू द्यावा. त्या बेअरिंगना एका बाजूने स्प्रिंगचा दाब हवा, नाहीतर रोलमध्ये एखाद्या अंशाची खडखड राहते.