ईस्ट हॅमचं आकाशी दार

रात्री दीडला लेकीचा फोन आला. लंडनमध्ये तेव्हा नऊ वाजले होते. "आई, इथे दुसरंच कुटुंब राहतंय गं. खोली भाड्याने द्यायचीच नाहीये म्हणतात." सोबत तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा, वरून पाऊस. आम्ही विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या दोन खोल्यांत, फोन स्पीकरवर ठेवून नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

त्या खोलीचे २,७६,००० रुपये आम्ही तीन महिने आधीच भरले होते. यजमानांची मुदत ठेव मोडून.

हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते. आम्ही गाफील नव्हतो. चौकशी केली होती, फक्त ती भलत्याच गोष्टीची केली.

लेकीला प्रवेश मिळाल्यावर महाराष्ट्रातून लंडनला निघालेल्या मुलामुलींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ती गेली. तिथे एकाने लंडनच्या ईस्ट हॅम भागातल्या खोलीचे फोटो टाकले होते. आकाशी रंगाचं दार, खिडकीपाशी टेबल, स्वच्छ पलंग, भाडं महिना ८०० पौंड. माणूस मराठी. आठ वर्षं तिकडे आहे म्हणाला. मला पहिल्या फोनपासून "काकू" म्हणायचा. गणपतीत आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, पोरीला उकडीचे मोदक मिळतील, तुम्ही अजिबात काळजी करू नका, असं बोलणं. मला इतकं हायसं वाटलं होतं! परक्या मुलखात आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी आहे, ह्याचं आईला काय वाटतं ते आईलाच कळेल. त्याने नेमकं तेच हेरलं.

मग घाई सुरू झाली. "काकू, अजून दोन मुली विचारतायत, उद्यापर्यंत टोकन आलं नाही तर माझा नाइलाज आहे." मुंबईत जागा शोधलेल्या माणसाला ही भाषा नवी नाही. इथे सकाळी बघितलेली खोली संध्याकाळी गेलेली असते, आणि जड डिपॉझिट तर आपण गृहीतच धरतो. म्हणून दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं, एकूण २४०० पौंड, हा आकडा आम्हाला खटकलाच नाही.

खटकायला हवा होता. इंग्लंडमध्ये २०१९च्या टेनंट फीज ॲक्टने डिपॉझिटला मर्यादा घातली आहे. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. आमच्या हिशेबाने ते साधारण ९२३ पौंड होतं. त्याने १६०० घेतले. खोली धरून ठेवायची रक्कम, म्हणजे आपलं टोकन, तीही एका आठवड्याच्या भाड्यापुरतीच, १८४ पौंड. त्याउपर कुणी मागत असेल तर तो कायदा मोडतोय किंवा त्याच्याकडे खोलीच नाही. घराचा असा करार झाला की घरमालकाला डिपॉझिट तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. अशा योजना तीन आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. "माझं डिपॉझिट कुठल्या योजनेत ठेवणार?" हा एक प्रश्न विचारला असता तर तो माणूस तिथेच अडखळला असता.

आता पैशांची वाट. तो म्हणाला, बँकेतून परदेशी पाठवलंत तर फॉर्म, टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आधीच कापला जाणारा कर), स्विफ्टचे चार्जेस, कशाला? माझ्या भावाच्या भारतातल्या खात्यात रुपयेच टाका, पौंडाचा दर ११५ धरू. बँकेपेक्षा दर कमी होता. यजमानांनी नेटबँकिंगने दोन हप्त्यांत पाठवले. लंडनच्या खोलीचं भाडं भारतातल्या एका बचत खात्यात का जातंय, हे आम्ही एकमेकांना विचारलंच नाही. टीसीएसची भीतीही खोटी होती. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि कापला गेला तरी रिटर्न भरताना वळता होतो.

आणखी एक गोष्ट, जी मला अजून टोचते. त्याने आमच्याकडे काहीच मागितलं नाही, म्हणून तो भला वाटला होता. गॅरेंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा जामीनदार, नको म्हणाला, व्हिसाची कागदपत्रं नकोत म्हणाला. इंग्लंडमध्ये खोली देण्याआधी घरमालकाला भाडेकरूचा तिथे राहण्याचा हक्क तपासावा लागतो, त्याला राइट टू रेंट म्हणतात. खरा घरमालक लेकीला आधी व्हिसाबद्दलच विचारेल. गॅरेंटरही बरेच जण मागतात, त्यामुळे विद्यार्थ्यांची फार ओढाताण होते. पण त्या त्रासातून कुणी फुकट सोडवत असेल तर सावध व्हा.

इथे भाडेकरू ठेवायचा तर आपण लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करतो, पोलीस व्हेरिफिकेशन करतो. घर घेताना इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, बघतो. आणि लंडनसाठी त्याने पाठवलेल्या, शिक्का मारलेल्या एका पीडीएफवर आम्ही समाधान मानलं. तिकडेही लँड रजिस्ट्री आहे, थोडे पौंड भरले की नोंद असलेल्या घराचा मालक कोण ते ऑनलाइन दिसतं. एजंट मध्ये असेल तर त्याला तक्रार निवारण योजनेचा सभासद असावंच लागतं, तेही तपासता येतं.

खोली लाइव्ह दाखव म्हटलं तर आत्ता राहणारा नाइट शिफ्टला असतो, झोपलेला असतो, असं सांगून त्याने आधीच काढलेला व्हिडिओ पाठवला. आमच्या भाच्याने नंतर ते फोटो गूगलवर टाकून शोधले. आतल्या खोलीचे फोटो दुसऱ्याच शहरातल्या जाहिरातीतले निघाले. दार तेवढं खरं होतं.

त्या दारामागच्या बाईंनी लेकीला आत घेतलं, चहा दिला. त्या महिन्यात अशी बॅगा घेऊन आलेली ती तिसरी मुलगी होती. विद्यापीठाच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर फोन केल्यावर हॉस्टेलमध्ये चार रात्रींची सोय झाली. खरं तर सुरुवातीपासून तेच करायला हवं होतं. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या हॉलमध्ये किंवा साध्या हॉस्टेलमध्ये काढायचे आणि खोली तिथे जाऊन, पायाने चालून बघायची. महाग पडतं, मला माहीत आहे. आमच्यापेक्षा स्वस्तच पडलं असतं.

सकाळी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार केली, मग सायबर पोलिसांकडे गेलो. पण तीन महिने उलटले होते. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेला ती गोठवता येते. आमच्या खात्यातून गेलेले पैसे त्याच दिवशी चार ठिकाणी फुटले होते. ज्याच्या नावावर ते खातं होतं, त्याने ते महिन्याला काही हजारांवर वापरायला दिलं होतं. लंडन त्याने नकाशातही पाहिलं नसावं.

बाकीच्या दोन मुलींपैकी एकीच्या वडिलांशी माझं बोलणं झालं. नाशिकचे आहेत. त्यांनाही तो "काका" म्हणायचा, खाते क्रमांकही तोच. आम्ही दोघांनी आपापले स्क्रीनशॉट पोलिसांना एकत्र नेऊन दिले.

ग्रुपमधून तो गेला आहे, पण फोटो दुसऱ्या ग्रुपवर दुसऱ्या नावाने पुन्हा आल्याचं मागच्या आठवड्यात लेकीने सांगितलं. आकाशी दार, डाव्या हाताला कचऱ्याचे दोन काळे डबे, वर अर्धगोल काच. हे दार कुणी ईस्ट हॅमची खोली म्हणून दाखवलं तर पैसे पाठवू नका. पाठवले असतील तर वाचायचं थांबवा आणि आधी १९३० ला फोन लावा.