‘नाही गेले तर भाडं घ्या’ : सहलीच्या सदस्यत्वात अडकलेले १,६५,००० रुपये

जानेवारी २०२४ मधील एका रविवारी, नागपुरात वर्धा रोडवरील एका हॉटेलच्या सभागृहात, माझ्या यजमानांनी स्वतःच्या हाताने पिन टाकून १,६५,००० रुपये एका सहल-सदस्यत्वासाठी भरले, आणि मी शेजारी बसून त्यास संमती दिली. त्यांपैकी एक रुपयाही आजवर परत आलेला नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. परंतु हीच पद्धत वेगवेगळ्या नावांनी वापरली जाते, म्हणून जे घडले ते आकड्यांसह लिहून ठेवते.

आम्ही दोघेही हिशेबाने वागणारी माणसे आहोत. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे आणि यजमान इतवारीतील एका पेढीचे हिशेब सांभाळतात. गृहकर्जाचा हप्ता, मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा खर्च आणि म्युच्युअल फंडातील ५,००० रुपयांची एसआयपी वजा केल्यावर जे उरत असे, त्यातून दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव आम्ही केवळ फिरण्यासाठी ठेवली होती. ती ठेव मुदत संपली की पुन्हा नव्याने ठेवली जाई. फिरणे मात्र होत नसे. लग्नाला २२ वर्षे होऊनही पेंच, रामटेक आणि एकदा पचमढी यांपलीकडे आम्ही दोघे गेलो नव्हतो. कधी सासूबाईंचे आजारपण, कधी मुलीची दहावी, आणि पुष्कळदा नुसते मनच होत नसे, कारण फिरण्यात घातलेले पैसे म्हणजे गेलेले पैसे, हा विचार आमच्या हाडीमांसी खिळलेला आहे. पन्नाशी जवळ आली तेव्हा थोडे जगून घ्यावे असे वाटू लागले होते आणि त्याच वेळी निवृत्तीपूर्वी पगाराखेरीज थोडे उत्पन्न सुरू व्हावे अशीही इच्छा होती. या दोन इच्छा एकाच पैशातून पूर्ण करून देतो असे कोणी सांगितले, तर आमच्यासारखी माणसे किती लवकर विश्वास ठेवतात, हे मला त्या रविवारी कळले.

सुरुवात डिसेंबरमधील एका प्रदर्शनात झाली होती. तेथे सोडतीचे कूपन भरून घेत होते. त्यावर नाव आणि मोबाईल क्रमांकाबरोबरच मासिक उत्पन्न, स्वतःचे घर आहे की नाही आणि क्रेडिट कार्ड आहे काय, असेही रकाने होते. बक्षिसाच्या सोडतीसाठी उत्पन्न कशाला विचारतात, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. महिन्याभराने फोन आला की आपल्याला गोव्याची तीन दिवसांची मोफत सहल मिळाली आहे, फक्त रविवारी पती-पत्नींनी मिळून ९० मिनिटांच्या कार्यक्रमास यावे आणि ओळखीसाठी कार्ड सोबत आणावे. ओळखीसाठी आधार कार्ड पुरते; बँकेचे कार्ड मागितले जाते ते पैसे घेण्यासाठीच. आणि दोघांनाही बोलावण्याचे कारण असे की ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य बोलायला जागा उरू नये.

सभागृहात वीस-पंचवीस टेबले होती, प्रत्येक टेबलावर एक जोडपे आणि त्यांच्यासमोर एक तरुण. संगीत इतके मोठ्याने वाजत होते की शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकू येत नसे. दर थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावर कोणा दांपत्याचे अभिनंदन होई आणि सर्व कर्मचारी टाळ्या वाजवत. आमच्यासमोरचा मुलगा नागपूरचाच होता, बोलण्यात अतिशय गोड. त्याने तासभर कंपनीविषयी काहीच सांगितले नाही. तो आम्हालाच विचारत राहिला. मुलगी काय शिकते, शेवटचे कोठे गेला होता, किती वर्षांपूर्वी. मग यजमानांकडे पाहून म्हणाला, “काकाजी, एवढा पैसा जमवला तुम्ही, पण स्वतःसाठी कधी जगले का?” यजमानांचे डोळे भरून आले. मी ते पाहिले, आणि माझा स्वतःचा निर्णय बहुधा तेथेच झाला.

योजना अशी सांगितली गेली : १,६५,००० रुपये एकदाच भरायचे, २५ वर्षे दरवर्षी सहा रात्रींचा मुक्काम, देशभरात कोठेही. एखाद्या वर्षी जायचे नसेल तर जूनअखेरपर्यंत कळवायचे, कंपनी त्या रात्री दुसऱ्या कोणाला देईल आणि आपल्याला १८,००० रुपये भाडे मिळेल. “काकू, हा खर्च नाहीच आहे. ही गुंतवणूक आहे. गेले तर फिरून या, नाही गेले तर भाडं घ्या,” असे म्हणत त्याने हॉटेलच्या कागदावर १८,००० गुणिले २५ असे लिहिले आणि ४,५०,००० या आकड्याभोवती दोनदा वर्तुळ काढले.

या एका वाक्यानेच आम्ही फसलो, असे मला आता ठामपणे वाटते. तो नुसती सहल विकत असता, तर दीड लाखाची सहल आम्ही कधीच घेतली नसती. तो नुसती गुंतवणूक विकत असता, तर यजमानांनी नोंदणी क्रमांक विचारला असता, व्याजाचा दर मांडला असता, आठ दिवस मागितले असते. सहल म्हटल्यामुळे गुंतवणुकीची चौकशी राहिली आणि गुंतवणूक म्हटल्यामुळे खर्चाची टोचणी गेली. साधा हिशेब तेथेच करता आला असता. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर त्या वेळी ७.४ टक्के होता. तेवढ्याच रकमेवर तेथे वर्षाला १२,२१० रुपये व्याज मिळाले असते, त्यातून दरवर्षी दोन-तीन दिवस कोठेही जाता आले असते, आणि पाच वर्षांनी मूळ रक्कम जशीच्या तशी हाती आली असती. सदस्यत्वात मूळ रक्कम परत येण्याची गोष्टच नव्हती, आणि हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही.

किंमत आधी २,४०,००० सांगितली होती. आम्ही कचरलो तेव्हा ‘मॅनेजर साहेब’ आले आणि ‘फक्त आजच्यापुरती’ म्हणून ती १,६५,००० झाली. ३०,००० डेबिट कार्डावर आणि १,३५,००० क्रेडिट कार्डावर, बारा बिनव्याजी हप्त्यांत, असे ठरले. पुढे कार्डाचे विवरणपत्र आले तेव्हा हप्ते बिनव्याजी नव्हते. वार्षिक १५ टक्के दराने व्याज आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून वर्षभरात १३,००० रुपयांहून अधिक गेले. दरमहा बारा हजारांवर रक्कम कार्डाला जाऊ लागल्यामुळे आम्ही प्रथम फिरण्याची आवर्ती ठेव बंद केली आणि नंतर एसआयपीही थांबवली. म्हणजे जी घडी अनेक वर्षांत बसवली होती, ती एका दुपारीत विस्कटली.

निघण्यापूर्वी त्यांनी एक कागद पुढे केला. दहा ओळखीच्या लोकांची नावे व फोन क्रमांक द्या, प्रत्येक सदस्यामागे ५,००० रुपये मिळतील. आम्ही सात नावे दिली. त्यांत उमरेडला राहणारे माझे चुलत दीर होते.

करारपत्र कुरिअरने सोळाव्या दिवशी घरी आले. त्यात लिहिले होते की पैसे भरल्यापासून दहा दिवसांच्या आत लेखी कळवल्यास सदस्यत्व रद्द करता येईल, त्यानंतर रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. बारीक अक्षरांतील त्या अठरा पानांत भाड्याचा उल्लेख एकदाही नव्हता. उलट दरवर्षी ८,००० रुपये देखभाल शुल्क व त्यावर जीएसटी, म्हणजे ९,४४० रुपये, सदस्याने भरायचे होते, मुक्काम ‘उपलब्धतेनुसार’ मिळणार होता आणि तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नसेल, असे एक कलम होते. त्याखाली यजमानांची सही होती, कारण सभागृहात त्यांनी शेवटच्या पानावर सही केली होती. बाकीची पाने तेव्हा समोर नव्हतीच.

उन्हाळ्यात महाबळेश्वर मागितले, ते भरलेले होते. कोडाईकनाल भरलेले होते. तेव्हा आम्ही ठरवले की या वर्षी भाडेच घ्यावे, आणि जूनमध्ये तसे ईमेलने कळवले. उत्तर आले की ४५ दिवसांत रक्कम जमा होईल. सप्टेंबरमध्ये महालक्ष्म्यांच्या जेवणाला दीर आणि जाऊबाई उमरेडहून आले होते. पानावरून उठल्यावर जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच विचारले, “ताई, तुमचे भाड्याचे पैसे आले का? आमचे तर आले नाहीत अजून.” त्यांनी १,२०,००० रुपये भरले होते, हे मला त्या क्षणी प्रथम कळले. माझे नाव सांगून त्यांना बोलावले होते, आणि ताईंनी घेतले आहे म्हणजे पाहूनच घेतले असेल, असे समजून त्यांनी काहीही न विचारता सही केली होती. स्वतःच्या पैशांचे दुःख मी सोसले आहे, पण त्या दिवशीचे सोसवत नाही. आपण फसलो आहोत हे अजून कळलेले नसते, तेव्हाच अशा कंपन्या आपल्याकडून आपल्या माणसांची नावे घेतात.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही कंपनीच्या नागपूर कार्यालयात गेलो. तेथे कुलूप होते.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक फोन आला. बोलणाऱ्याला आमचा सदस्यत्व क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीखसुद्धा ठाऊक होती. तो म्हणाला की सुरतचे एक ग्राहक आपले सदस्यत्व २,१०,००० रुपयांना विकत घेण्यास तयार आहेत, केवळ १४,५०० रुपये हस्तांतरण शुल्क आधी भरावे लागेल. बुडालेले पैसे परत येत आहेत या आनंदात यजमान भरण्यास निघालेच होते. मुलीने विचारले, “बाबा, तो माणूस दोन लाख देणारच आहे, तर शुल्क त्यातूनच का कापून घेत नाहीत?” फोनवरील माणसाकडे याचे उत्तर नव्हते. एकदा फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते किंवा हातोहात जाते, हे लक्षात ठेवावे. पहिल्या फसवणुकीनंतर येणारा मदतीचा फोन अधिक धोक्याचा असतो. त्या क्रमांकाची तक्रार आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर नोंदवली. पैसे गेलेले असते तर हाच फोन पहिल्या तासाभरात करणे महत्त्वाचे ठरले असते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

मूळ रकमेसाठी बँकेकडे गेलो, तेव्हा पिन आम्हीच टाकलेला असल्यामुळे तो व्यवहार अनधिकृत ठरत नाही, असे उत्तर मिळाले, आणि नियमाने ते बरोबर आहे. उरला मार्ग ग्राहक आयोगाचा. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ जण खर्चाच्या भीतीने गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी दुसऱ्या राज्यातील असली तरी नागपूरकराला सिव्हिल लाईन्सपलीकडे जावे लागत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील करणे सक्तीचे नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ अशी उत्तरे देत कंपन्या हीच दोन वर्षे घालवतात. आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, नंतर पोचपावतीसह नोटीस पाठवली आणि जून २०२५ मध्ये आयोगाकडे गेलो.

आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तो हॉटेलचा कागद. यजमानांनी सवयीने त्याची घडी करून खिशात ठेवली होती. करारात भाड्याचा शब्द नसला, तरी त्या मुलाच्या हस्ताक्षरातील ४,५०,००० चे वर्तुळ कागदावर आहे, आणि जूनच्या ईमेलला आलेले ४५ दिवसांचे उत्तरही आहे. लोकांचे पैसे एकत्र करून, व्यवस्थापन स्वतःकडे ठेवून परताव्याचे वचन देणारी सामूहिक गुंतवणूक योजना सेबीकडे, म्हणजे गुंतवणूक बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी केल्याशिवाय चालवता येत नाही. हॉटेलमधील मुक्काम आणि परतावा एकत्र विकणाऱ्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीला २०१६ मध्ये सेबीने सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला होता, आणि तिच्या गुंतवणूकदारांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. हे सारे त्या रविवारच्या आधीच घडून गेलेले होते. आम्ही दहा मिनिटे शोधले असते तर सापडले असते.

ज्यांनी नुकतीच अशी सही केली असेल, त्यांनी करारपत्राची वाट पाहू नये. पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशीच रद्द करण्याचे पत्र ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, दोन्ही मार्गांनी पाठवावे; सभागृहात लिहिलेला प्रत्येक कागद, कूपन, कार्डाची पावती जपावी; आणि कोणाची नावे दिली असतील तर त्यांना त्याच संध्याकाळी फोन करावा, कितीही संकोच वाटला तरी. हा फोन मी केला नाही.

दिरांची तक्रार मीच लिहून दिली. दोन्ही प्रकरणांची पुढची तारीख एकाच दिवशी आहे. जाऊबाई आदल्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला येणार आहेत, आणि सकाळी आम्ही दोघी मिळून जाऊ.