गहाणखत नोंदवावे की मूळ कागद जमा करावेत?

घर किंवा दुकान तारण ठेवून कर्ज घेताना बँक बहुधा दोन मार्ग पुढे ठेवते: मूळ खरेदीखत जमा करून होणारे गहाण, ज्याला शाखेत सगळे इक्विटेबल मॉर्गेज म्हणतात, आणि दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेले गहाणखत. नागपुरात मनीषनगरातील घरासाठी मी पहिला मार्ग घेतला होता, महालातील दुकानासाठी दुसरा. दोन्ही कर्जे फिटली आहेत.

बोजा चढताना फरक थोडाच जाणवतो. कागद जमा करताना वेगळा करार नोंदवला नसेल, तर कर्जदाराला 30 दिवसांच्या आत निबंधकांकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण झाल्याची सूचना, दाखल करावी लागते. ती ऑनलाइनही होते. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहे, आणि भूखंड नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या भाडेपट्ट्याचा असेल तर प्रन्यासाची ना-हरकत दोन्हीकडे लागते.

हप्ते थकल्यास कोणते गहाण कर्जदाराला अधिक सांभाळून घेते, असे अनेक जण विचारतात. बँकेच्या कर्जापुरते बोलायचे तर, माझ्या समजुतीप्रमाणे, कोणतेच नाही. बँकेला दिवाणी न्यायालयात न जाता तारणातून वसुली करू देणारा 2002 चा सरफेसी कायदा दोन्हींना सारखाच लागू होतो: आधी 60 दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, आणि त्याविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद, जे नागपुरातच आहे.

खरा फरक बोजा उतरवताना कळतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 60 नुसार, गहाण नोंदणीकृत दस्ताने झाले असेल तर ते संपल्याची लेखी पोचही नोंदवून मागण्याचा कर्जदाराला हक्क आहे. कागदावर हा हक्क भक्कम वाटतो; व्यवहारात त्याचा अर्थ असा की बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याने निबंधक कार्यालयात येऊन सही करायची. माझ्या दुकानाच्या वेळी कर्ज मंजूर करणारे अधिकारी बदलून गेले होते, नव्या अधिकाऱ्यांचे अधिकारपत्र वरून यायचे होते, आणि ते आले तेव्हा ठरलेल्या दिवशी त्यांना शाखा सोडता आली नाही. पैसे पूर्ण फेडलेले असूनही दुकान विकायला मोकळे नव्हते, आणि ग्राहक थांबला नाही. घराच्या बाबतीत मात्र ना-देय दाखला आणि मूळ कागद शाखेतूनच हाती आले. केरसाईतील, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतील, नोंद बंद करणे हे बँकेचेच काम होते.

कागद जमा करण्यातला धोका मला मान्य आहे: ते दूरच्या साठवणुकीत जातात, परत यायला वेळ लागतो, गहाळही होऊ शकतात. परंतु 1 डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत देणे बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5000 रुपये भरपाई आहे. त्यामुळे माझी जुनी भीती बरीच कमी झाली आहे.

कर्ज बँकेचे नसून एखाद्या व्यक्तीचे असेल, तर वाद दिवाणी न्यायालयात जाईल हे ध्यानात घेऊन नोंदणीकृत दस्तच बरा, असे मी म्हणेन. बँकेचे असेल आणि पर्याय खरोखर आपल्या हाती असेल, तर मी कागद जमा करीन, प्रत्येक कागदाच्या उल्लेखासह पोच घेईन आणि कर्ज फिटल्यावर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढून त्यावर बोजा उरला आहे का, ते पाहीन.