मेडल माउंटिंग आणि फ्रेमिंग, कॅम्प, पुणे : ज्याला क्रम कळतो त्याच्याकडेच द्या

घरात कुणी फौजेत असेल आणि त्यांची मेडलं फ्रेम करायची असतील तर हा रिव्ह्यू वेळ काढून पूर्ण वाचा, लांब झालाय पण उपयोगी पडेल. साधा फोटोफ्रेमवाला आणि मेडलचं काम करणारा माणूस यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. हे दुकान पुण्यात कॅम्पात आहे, बाहेर बेल्ट, टोप्या, रँकचे बॅज, नेमप्लेटा टांगलेल्या, आत एक शिलाई मशीन, एक काउंटर आणि जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढी जागा. बाहेरून बघून वाटणार नाही पण काम एक नंबर. पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे लिहिलंय.

मेडलं माझ्या मावशीची. ती मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून कर्नल म्हणून रिटायर झाली आणि तिला विशिष्ट सेवा मेडल आहे, नावापुढे व्हीएसएम लिहितात ते. आता होतं काय की मेडल म्हटलं की लोक लगेच विचारतात कुठल्या लढाईत मिळालं, आणि लढाईत नाही म्हटलं की "अच्छा" म्हणून विषय बदलतात, मला याचा खरंच राग येतो. अहो हे शौर्यपदक नाहीच मुळी, सेवेत वर्षानुवर्षं उच्च दर्जाचं काम केलं त्यासाठी देशाने दिलेलं पदक आहे. २६ जानेवारी १९६० ला हे सुरू झालं तेव्हा त्याचे क्लास वन, टू, थ्री होते, मग १९६७ ला नावं बदलून परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा मेडल अशी झाली. १९८० ला युद्ध सेवा मेडलांची वेगळी मालिका आली आणि लढाईच्या काळातली कामगिरी तिकडे गेली, म्हणजे आता विशिष्ट सेवेची तिन्ही मेडलं लढाईबाहेरच्या कामाची. हॉस्पिटल, ट्रेनिंग, सप्लाय, इंजिनिअरिंग, असं सगळं त्यात येतं. टेरिटोरियल आर्मीवाल्यांना मिळतं, नर्सिंगच्या ऑफिसर्सना मिळतं, कुठल्याही रँकला मिळू शकतं. मावशी लेहला पोस्टेड असताना फ्रॉस्टबाइटने बोटं काळी पडलेल्या पोरांचं ड्रेसिंग रोज स्वतः करायची, कर्मचारी कमी आहेत म्हणून नाही, तर जखम कशी बदलतेय ते एकाच नजरेने रोज बघायला पाहिजे म्हणून, आणि हाताखालच्या नवीन लेफ्टनंट मुलींना शेजारी उभं करून दाखवायची. असं काम कुठल्या बातमीत येत नाही.

तर आधीचा अनुभव. आमच्या गावातल्या एका फ्रेमवाल्याकडे मावसभावाने ही मेडलं दिली होती. त्याने काय केलं तर रुखवत मांडतात तशी मांडली, जे चकाकतंय ते मधोमध, बाकीची दोन्हीकडे सारखी सारखी, आणि विशिष्ट सेवा मेडल ब्रॉन्झचं, दिसायला गडद तपकिरी, म्हणून ते गेलं खालच्या कोपऱ्यात! वर ९ वर्षांच्या सेवेचं मेडल मध्यभागी विराजमान. बरं एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण मेडलं त्याने मागून ग्लू लावून मखमलीवर चिकटवली. मेडलच्या मागच्या बाजूला राजमुद्रा असते आणि देवनागरीत मेडलचं नाव कोरलेलं असतं, त्याच्यावर ग्लूचा थर. मावशी बोलली काहीच नाही, फ्रेम कपाटावर उलटी ठेवून दिली, तिचं म्हणणं एवढंच की भिंतीवर चुकीचं लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

मग एका रिटायर्ड सुभेदार काकांनी हे दुकान सांगितलं. दुकानदार स्वतः पूर्वी ऑफिसर लोकांचे युनिफॉर्म शिवायचे. आम्ही ती फ्रेम काउंटरवर ठेवली, त्यांनी काचेतून बघितलं आणि पहिलं वाक्य काय तर "मॅडम, व्हीएसएम खाली कुणी लावलं?" मला तिथेच कळलं की आपण बरोबर ठिकाणी आलोय.

क्रम हा या कामाचा जीव आहे. सगळ्या मेडलांची सरकारने ठरवून दिलेली उतरंड आहे, सगळ्यात वरिष्ठ मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि मग तिथून एकेक खालची. हे दिसण्यावर नसतं, वयावर नसतं, आणि शौर्याचं सगळंच आधी आणि सेवेचं सगळंच नंतर असंही नसतं. त्यांनी उदाहरण फार छान दिलं. जनरल अरुणकुमार वैद्य, आपले मराठी लष्करप्रमुख, दोनदा महावीर चक्र, म्हणजे युद्धातलं दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक, मिळवलेला माणूस, पण त्यांच्या नावापुढे आधी पीव्हीएसएम येतं आणि मग महावीर चक्र, कारण परम विशिष्ट सेवा मेडल त्या यादीत महावीर चक्राच्याही वर आहे. हे किती जणांना माहीत असतं? मला नव्हतं माहीत. आणि जनरल मनोज नरवणे यांच्या नावापुढे पीव्हीएसएम, एव्हीएसएम (अति विशिष्ट), मग सेना मेडल आणि मग व्हीएसएम, म्हणजे सेना मेडल हे साध्या विशिष्ट सेवा मेडलच्या आधी लागतं. मावशीला सेना मेडल नाहीये म्हणून तिचं व्हीएसएम सगळ्यात पहिलं, त्याच्यानंतर ऑपरेशन विजय, ऑपरेशन पराक्रम, सैन्य सेवा, उंच भागातल्या सेवेचं, मग स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं आणि शेवटी ३०, २० आणि ९ वर्षांच्या सेवेची. त्यांनी हे सगळं कुठलाही कागद न बघता काउंटरवर मांडून दाखवलं आणि मग कागद काढून टॅली करून पण घेतलं, हे जास्त आवडलं.

रिबनची गोष्ट सांगायलाच पाहिजे. जुन्या रिबन मळल्या होत्या म्हणून मावसभावाने ऑनलाइन नवीन मागवलेल्या, त्या आम्ही सोबत नेल्या होत्या. त्यातली पिवळी रिबन त्यांनी बोटावर ताणून धरली आणि बाजूला ठेवून दिली. तीत गडद निळ्या रेघा दोन होत्या. तर नियम असा आहे की तिन्ही मेडलांची रिबन सोनेरी पिवळीच, पण परम विशिष्टला मधोमध एक निळी रेघ, अति विशिष्टला दोन आणि विशिष्टला तीन. रेघा जितक्या कमी तितकं मेडल मोठं, आपल्याला सहसा उलटं वाटतं. म्हणजे ती रिबन लावून मावशी कार्यक्रमाला गेली असती तर न मिळालेलं, वरच्या दर्जाचं पदक लावल्यासारखं झालं असतं, आणि तिथे हजर असलेल्या प्रत्येकाच्या ते एका नजरेत लक्षात आलं असतं. ज्या बाईने आयुष्यात कधी स्वतःचं काम फुगवून सांगितलं नाही तिच्या छातीवर हे! ऑनलाइनवाल्याकडे वस्तूचं नाव बरोबर लिहिलेलं होतं, आत माल दुसरा, त्यामुळे रिबन हातात आल्यावर रेघा मोजल्याशिवाय शिवायला देऊ नका.

पॉलिशबद्दल. फौजी घरात ब्रासो असतोच आणि बकल, बटणं चमकवायची सवय असते, मावसभाऊ म्हणाला मेडलं पण चकाचक करून द्या. त्यांनी सरळ नाही म्हटलं. ब्रॉन्झवर काळाने जो गडद थर येतो तो मळ नसतो, तो घासला की धातू उघडा पडतो आणि परत परत घासलं की समोरच्या पंचकोनी ताऱ्याच्या कडा, मागची अक्षरं, कडेला कोरलेलं नाव झिजत जातं. त्यांनी ग्लू तेवढा काढला, तोही सावकाश, लाकडी काडीने, आम्हाला ग्लू काढलेली मागची बाजू दाखवून मगच पुढचं काम घेतलं. कोऱ्या नाण्यासारखी लखलखीत मेडलं हवी असतील तर इथे तसं करून मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

माउंटिंग दोन प्रकारचं असतं. एकात मेडलं पट्टीला नुसती लोंबकळतात, चालताना एकमेकांवर आपटतात. दुसरं कोर्ट माउंटिंग, त्यात मागे कडक बोर्ड असतो, त्यावर रिबन वरून खालपर्यंत लावलेली आणि मेडल त्यावर टाक्याने धरलेलं, म्हणजे आवाज नाही, ओरखडे नाहीत. आम्ही कोर्ट माउंटिंग केलं. मेडलं नऊ, त्यामुळे शेजारी शेजारी मावत नाहीत, एकावर एक थोडी चढवावी लागतात, आणि चढवताना वरिष्ठ मेडल पूर्ण दिसलं पाहिजे, बाकीची त्याच्याखाली सरकतात. खालच्या कडा मात्र एका रेषेत. त्यांनी पट्टी लावून दाखवली, सगळ्या कडा एका रेषेत. टाके हातशिलाईचे, रिबनच्याच रंगाच्या दोऱ्याने, शोधूनही दिसत नाहीत. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवरची जम्मू-काश्मीरची छोटी पट्टी, क्लास्प म्हणतात ती, आधीच्या माणसाने तिरकी बसवली होती, तीही सरळ झाली.

आणि फ्रेमची आयडिया मला सगळ्यात जास्त पटली. मेडलांची पट्टी फ्रेममध्ये कायमची बंद करत नाहीत, मागचं झाकण स्क्रूने उघडतं, पट्टी आतल्या कापडाला पिनेवर अडकवलेली असते, कार्यक्रम असला की काढायची, साडीवर लावायची, आली की परत आत. मावशीसाठी हे फार महत्त्वाचं, कारण नर्सिंग सर्व्हिसचा स्थापना दिवस १ ऑक्टोबरला असतो, १९२६ ची स्थापना म्हणजे २०२६ ला शंभर वर्षं, त्या कार्यक्रमाला तिला ही मेडलं लावून जायचंच आहे. काच आणि मेडलं यात बोटभर अंतर ठेवलंय, पावसाळ्यासाठी सिलिका जेलची पुडी मागे ठेवायला खाचही आहे. फ्रेममधल्या नावाच्या पट्टीवर आम्ही "कर्नल (निवृत्त)" आणि मग नाव असं लिहून दिलेलं, त्यांनी विचारून बदललं, फौजेत निवृत्त हा शब्द नावानंतर येतो, रँक निवृत्त होत नाही, माणूस होतो. मावशी तिथे पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "दादा, आमच्या घरच्यांना हे मी किती वर्षं सांगतेय."

मिनिएचरचा सेट पण घेतला, साधारण अर्ध्या आकाराचा, रात्रीच्या मेसच्या कार्यक्रमांना लावतात तो. आणि इथे एक गोष्ट, कुणीही येऊन मागितलं की ते व्हीएसएमचं मिनिएचर देत नाहीत. पुरस्काराचं पत्र किंवा गॅझेटची कॉपी मागतात, ही पदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात त्यामुळे प्रत्येकाकडे नोंद असतेच. मावसभावाला जरा अपमान वाटला, पण मावशी म्हणाली अगदी बरोबर करतायत. सैनिक असल्याचं भासवायला अशा खुणा लावणं हा गुन्हा आहे आणि दुकानदार एवढं तपासत असेल तर मला तरी त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

आता अर्धा स्टार. मेडलं घेताना त्यांनी पोचपावती दिली नाही, मी मागितली तेव्हा व्हिजिटिंग कार्डच्या मागे "नऊ नग" असं लिहून दिलं. माणूस प्रामाणिक आहे यात शंका नाही, पण ही वस्तू हरवली तर दुकानातून दुसरी आणता येत नाही, कडेला नाव कोरलेलं मूळ मेडल एकच असतं, त्यामुळे प्रत्येक मेडलचं नाव लिहून सहीसकट पावती द्यायलाच हवी, कृपया हे एवढं सुरू करा. दुसरं म्हणजे वेळ पाळत नाहीत, सांगितलेल्या तारखेला काम तयार नव्हतं आणि फोनही उचलत नव्हते. आणि साधी काच चमकते, ट्यूबलाइटखाली रिबन दिसतच नाही, चमक न येणारी काच मागितली तर मिळते पण ते स्वतःहून सांगत नाहीत, आम्ही नंतर बदलून घेतली, त्याचे वेगळे पैसे पडले. सगळं मिळून, माउंटिंग, मिनिएचर, फ्रेम आणि ती काच, सात हजारांच्या आसपास गेले. स्वस्त नाही. पण हाताचं काम बघितल्यावर जास्त वाटले नाहीत.

आमच्या मागे रांगेत एक तरुण मेजर होते, त्यांनी मावशीच्या पट्टीवरची पहिली पिवळी रिबन बघितली आणि काही न सांगता बाजूला होऊन आधी तुमचं होऊ द्या मॅम म्हणाले. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांना तर तिन्ही आहेत, परम, अति आणि विशिष्ट, डॉक्टर बाई, पुण्यात शिकलेल्या, आणि तरी आपल्याकडे शाळेतल्या मुलींना ही पदकं काय असतात हे सांगितलं जात नाही. म्हणून म्हणते फ्रेम हॉलमध्ये लावा, बेडरूममध्ये नको, आणि खाली मेडलांची नावं छोट्या पट्टीवर लिहून घ्या, इथे तेही करून मिळतं, मराठीत सुद्धा.

जायचं असेल तर सकाळी जा, संध्याकाळी गर्दी असते आणि त्यांना नीट बोलायला वेळ नसतो. २६ जानेवारीला पदकं जाहीर होतात, त्यानंतरचे काही महिने समारंभांची कामं असतात त्यामुळे तेव्हा हमखास उशीर होतो, घाई नसेल तर पावसाळा संपल्यावर द्या. जाताना मेडलं प्रत्येक वेगळ्या मऊ कापडात गुंडाळून न्या, गॅझेट किंवा पत्राची झेरॉक्स ठेवा, मोबाइलवर प्रत्येक मेडलचा दोन्ही बाजूंनी आणि कडेचा फोटो काढून ठेवा, आणि पावती दिली नाही तर लिहून मागा.