हिवाळ्यात ॲक्वापोनिक्सचे पॉलिहाऊस: वीज, सूर्य, लाकूड की बोअरचे पाणी?

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात थंडीच्या लाटेत पहाटेचे तापमान ५-६ अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरते आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. अशा ठिकाणी पालक, लेट्यूस किंवा कोथिंबिरीला रात्रीचे ८-१० अंश सहज मानवतात. ॲक्वापोनिक्समध्ये माशांच्या टाकीतले पाणी फिरवून त्याच्यावरच भाजी वाढवतात, त्यामुळे अडचण येते ती टाकीत. पाणी २० अंशांखाली गेले की चिलापी (तिलापिया मासा) खाद्य कमी करते, १५-१६ अंशांवर जवळपास थांबवते आणि १०-१२ अंशांवर मरू लागते. माशांनी सोडलेल्या अमोनियाचे नायट्रेट, म्हणजे भाजीचे अन्न, करणारे जिवाणूही गारठ्यात मंदावतात, त्यामुळे मासे जगले तरी भाजीला अन्न पुरत नाही. म्हणून ऊब हवेला द्यायची की पाण्याला, हे आधी ठरवावे आणि हीटरची निवड त्यानंतर करावी.

हिशोब सोपा आहे. २०० चौरस मीटरच्या पॉलिहाऊसला सुमारे ४०० चौरस मीटर प्लास्टिक लागते. एकपदरी कागदातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ६ वॅट उष्णता बाहेर जाते. आतली हवा बाहेरपेक्षा १० अंश उबदार ठेवायची तर २४ किलोवॅट, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला २४० युनिट उष्णता लागेल. याउलट १०,००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १२ युनिट पुरतात. हवा तापवण्याचा विचार इथेच सोडून द्यावा.

मात्र टाकी उघडी असेल तर पाणी एका रात्रीत तीन-चार अंश उतरू शकते आणि तेच १२ युनिट ४०-४५ वर जातात. त्यामुळे पहिला खर्च आच्छादनावर करावा: टाकीच्या बाजूंना आणि तळाला दोन इंची थर्मोकोल, वर रात्रीचे झाकण आणि शक्य असल्यास पॉलिहाऊसला आतून दुसरा पदर. एअर पंप बाहेरची गार हवा ओढत असेल तर तो आत घ्यावा, कारण ही हवा बुडबुड्यांतून रात्रभर पाणी थंड करत राहते. रोपांच्या वाफ्यांतून किंवा पाइपांतून फिरणारे पाणीही उष्णता गमावते. तरंगत्या राफ्टची किंवा खडीच्या वाफ्यांची पद्धत असेल तर रात्रीचा प्रवाह कमी करता येतो. पाइपांतल्या पातळ धारेच्या पद्धतीत मुळे लवकर वाळतात, म्हणून तिथे हा मार्ग धोक्याचा आहे. हवेचा पुरवठा मात्र कोणत्याही पद्धतीत बंद करू नये.

आच्छादन झाल्यावर रात्रीला एका अंशाचीच भर घालावी लागते असे धरून पर्याय तोलू. विजेचा दर युनिटला ८ रुपये धरला, तर साध्या बुडीत हीटरचा खर्च रात्रीला ९६ रुपये आणि ६० थंड रात्रींना सुमारे ५,८०० रुपये होतो. थर्मोस्टॅटमुळे देखरेखही फार लागत नाही. टायटॅनियमच्या किंवा काचेच्या आवरणाचा हीटरच घ्यावा. घरगुती रॉडची नळी बहुधा तांब्याची, वर निकेलचा मुलामा दिलेली असते आणि तांबे माशांना विषारी आहे. ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय टाकीत वीज सोडू नये.

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून तेवढीच उष्णता साधारण एक तृतीयांश विजेत देतो, पण बचत हंगामाला जेमतेम ३,८०० रुपयांची होते. एवढ्या बचतीतून यंत्राची किंमत भरून निघायला फार वर्षे लागतील. सौर बंबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ३०० लिटरचा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे १२ युनिट उष्णता देतो. शिवाय आपल्याकडे कडाक्याच्या रात्री बहुतेक निरभ्र असतात आणि पाठोपाठ लख्ख ऊन पडते. अवकाळी ढगांत संच काम करत नाही, पण ढगाळ रात्री फारशा गारठतही नाहीत. तरीही किंमत हीटरच्या कित्येक पट असल्याने एवढ्याशा टाकीसाठी मी तो मुद्दाम विकत घेणार नाही. घरावर आधीच असलेल्या संचाचे पाणी वापरता आले तर उत्तम. ते टाकीत थेट ओतू नये, एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) नळीच्या वेटोळ्यातून फिरवावे.

लाकूड फुकट वाटते, विशेषतः छाटणीच्या काड्या बांधावर पडलेल्या असतात तेव्हा. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे चांगल्या बंद चुलीतून दीड-दोन युनिट उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे रात्रीला ६ ते ८ किलो लाकूड झाले. पण पहाटे तीनला उठून जाळ सारणारा माणूस लागतो आणि त्याची किंमत हिशोबात क्वचित धरली जाते. धूर पॉलिहाऊसमध्ये शिरला तर रोपांना इजा होते आणि माणसाच्या जिवालाही धोका असतो, म्हणून चूल बाहेरच हवी. तांब्याच्या जुन्या बंबातून टाकीचे पाणी फिरवण्याचा मोह टाळावा. गोबरगॅसबद्दल एवढेच सांगता येईल की ज्या दिवसांत उष्णता हवी, त्याच दिवसांत त्याचे उत्पादन घटते.

द्राक्षाच्या किंवा भाजीच्या शेतकऱ्याला मला सर्वांत पटणारा पर्याय बोअरच्या पाण्याचा आहे. या भागात जमिनीखालचे पाणी वर्षभर साधारण २४-२५ अंशांवर राहते, म्हणूनच ते थंडीत कोमट लागते आणि बागायतदार पहाटे ठिबक सोडतात. तेच पाणी बागेकडे जाताना टाकीतल्या वेटोळ्यातून नेले आणि ते तीन अंश उष्णता देऊन गेले, तर ४,००० लिटरमागे सुमारे १४ युनिट मिळतात. पंप बागेसाठी चालणारच असतो, त्यामुळे जास्तीचा खर्च जवळपास फक्त नळीचा. फरक थोडा असल्याने नळी मात्र लांब लागते: ३२ मिलीमीटरची धरली तर १०० मीटरच्या आसपास. मर्यादाही आहेत. या मार्गाने टाकी २१-२२ अंशांपलीकडे जाणार नाही आणि शेतीपंपाच्या विजेच्या पाळीवर विसंबावे लागेल. पाळी दिवसाची असलेल्या आठवड्यासाठी दीड-दोन किलोवॅटचा हीटर जोडीला हवाच. बोअरचे पाणी थेट टाकीत बदलून घालणे मात्र वेगळे: त्यात ऑक्सिजन कमी असतो, क्षार अधिक असू शकतात आणि बाहेर काढलेल्या पाण्याबरोबर भाजीचे अन्नही जाते.

टाकी ५०,००० लिटरच्या पुढे असेल तर वरचा निकाल बदलतो. विजेचे बिल त्याच प्रमाणात वाढते आणि तिथे हीट पंपाचे दरपत्रक मागवणे शहाणपणाचे ठरते.

ज्याला यातले काहीच नको, त्याने हिवाळ्यापुरता सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) सोडावा. तो गारठा सोसतो आणि हीटर न घेता निभतो. खाद्य मात्र पाण्याच्या तापमानाप्रमाणे कमी करावे लागते. कमी खाद्य म्हणजे भाजीलाही कमी अन्न, म्हणून त्या दोन महिन्यांत वांगी-टोमॅटोऐवजी पालक आणि मेथी घ्यावी.