निरनिराळ्या काळांतील खेळाडूंची बेसबॉल लीग : कार्डे, संगणक आणि काळाचा हिशेब

बेब रूथ, बॉब गिब्सन, पेड्रो मार्टिनेझ आणि जोश गिब्सन यांना एकाच काल्पनिक लीगमध्ये उतरवायचे ठरले, की मित्रमंडळींत पहिला वाद खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवर चालणारा, कार्डांचा वा संगणकावरचा, कोणता खेळ विकत घ्यायचा यावर होतो. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. १९२७ मधल्या आणि २०१९ मधल्या होम रनचे (चेंडू मैदानाबाहेर टोलवण्याचे) मोल सारखेच धरायचे का, आणि धरायचे नसेल तर तो हिशेब खेळाच्या निर्मात्यावर सोपवायचा की स्वतः नियम करून सांभाळायचा, हे आधी ठरवावे. स्ट्रॅट-ओ-मॅटिक, डायमंड माइंड आणि आउट ऑफ द पार्क बेसबॉल या तीन पर्यायांमधला खरा फरक याच मुद्द्यावर आहे.

हिशेबाची गरज का पडते, हे दोन हंगामांवरून दिसते. अमेरिकेतल्या मेजर लीगचे नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग असे दोन भाग आहेत. १९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.३०३ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरलेल्या कार्ल यास्त्रेम्स्कीची सरासरी ०.३०१ होती. म्हणजे एका वर्षीचा सर्वसाधारण फलंदाज कागदावर दुसऱ्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा सरस दिसतो. त्याच १९६८ मध्ये बॉब गिब्सन या पिचरने (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) नऊ इनिंगमागे अवघ्या १.१२ अर्न्ड धावा, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे न गेलेल्या धावा, दिल्या. पिचरांचे हे वर्चस्व इतके डाचले, की पुढच्या हंगामापासून पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आली.

आता १९३० मध्ये ०.४०१ सरासरी राखणारा बिल टेरी या गिब्सनसमोर उभा करा. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे टाकले जातात. पहिल्या फाशावर १ ते ३ पडल्यास फलंदाजाचे कार्ड वाचायचे आणि ४ ते ६ पडल्यास पिचरचे. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेवरून कार्डावरची ओळ ठरते. अर्धे निकाल एका कार्डावरून आणि अर्धे दुसऱ्यावरून येत असल्यामुळे प्रत्येक कार्ड त्या-त्या हंगामातल्या सर्वसाधारण प्रतिस्पर्ध्याला गृहीत धरून बेतावे लागते. स्थूलमानाने हा हिशेब असा : टेरीची ०.४०१ आणि गिब्सनविरुद्ध फलंदाजांनी काढलेली ०.१८४ यांची बेरीज करायची आणि दोघांच्या लीगच्या सरासरींचा (०.३०३ व ०.२४३) मध्य, म्हणजे ०.२७३, वजा करायचा. उत्तर येते ०.३१२. याउलट प्रत्येकाला त्याच्या लीगशी गुणोत्तराने मोजले, तर टेरी जितका वर तितकाच गिब्सन खाली असल्याने दोघे एकमेकांना जवळजवळ छेद देतात, आणि ०.२७३ च्या लीगमध्ये टेरीला ०.२७४ इतकीच सरासरी मिळते. गणिताची रीत बदलली एवढ्यानेच साधारण अडतीस गुणांचा (०.०३८) फरक पडतो. तो लहान नाही.

होम रनच्या बाबतीत कच्च्या आकड्यांची कार्डे अधिक घोटाळा करतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, ज्याला ‘डेड बॉल’ काळ म्हणतात, चेंडू मैदानाबाहेर जाणेच दुर्मीळ होते. फ्रँक बेकरने १९११ मध्ये अकरा होम रन मारून अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि त्याला ‘होम रन’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. त्या काळच्या पिचरांच्या कार्डांवर होम रनला जागाच नसते, त्यामुळे अशा चार पिचरांचा ताफा असलेला संघ रूथ असो वा बॅरी बाँड्स, सर्वांना निम्म्यावर आणतो. मिश्र काळांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, मुरलेले लोक हे पिचर पहिल्या काही फेऱ्यांतच उचलतात, आणि नवख्या सदस्याला हंगाम अर्धा सरेपर्यंत आपले काय चुकले ते उमगत नाही.

म्हणून प्रमाणीकरण, म्हणजे खेळाडूचे आकडे त्याच्या काळातल्या लीगशी ताडून बदलणे, हवे, पण तेही डोळे मिटून नको. १९२७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये ४३९ होम रन झाल्या आणि त्यांतल्या ६० एकट्या रूथच्या होत्या. हाच वाटा २०१९ च्या हंगामाला लावला, ज्यात तीस संघांनी मिळून ६,७७६ होम रन मारल्या, तर आठ संघांच्या लीगमध्ये रूथच्या नावावर सुमारे २४७ होम रन जमा होतील. असा आकडा कुणालाही पटणार नाही. शिवाय प्रत्येक काळातला सरासरी खेळाडू तितकाच चांगला होता, असे प्रमाणीकरण गृहीत धरते. १९४७ पूर्वीच्या मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता, हे लक्षात घेतले की ते गृहीतक बरेच डळमळते.

टॉम टिपेट यांचा डायमंड माइंड हा संगणकीय खेळ या प्रश्नाकडे सर्वांत गंभीरपणे पाहतो. त्यात खेळाडूचे मूल्यमापन त्याच्या काळाच्या संदर्भात होते, क्षेत्ररक्षणाला योग्य वजन मिळते आणि सामन्यांचे निकाल फारसे चकित करत नाहीत. टिपेट यांनी पुढे बॉस्टन रेड सॉक्ससाठी काम केले, यावरूनही त्यांच्या पद्धतीचे वजन लक्षात यावे. पडद्यावरची मांडणी मात्र जुनाट आणि रूक्ष आहे. आकडेवारीत रमणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. दोन मित्रांना आग्रह करून लीगमध्ये ओढले असेल, तर त्यांचा उत्साह इथे ओसरण्याची शक्यता आहे.

आउट ऑफ द पार्क, म्हणजेच ओओटीपी, हे जर्मन निर्माते मार्कुस हाइन्झोन यांचे काम आहे आणि त्याचा बाज वेगळा आहे. येथे हंगामाचे आकडे थेट खेळत नाहीत, तर त्यांवरून खेळाडूला गुणांकन मिळते आणि लीगचे वातावरण तुम्ही निवडता. १९६८ सारखी धावांची टंचाई हवी असेल तर ती मिळेल, आजच्यासारखा होम रन आणि स्ट्राइकआउटचा सुकाळ हवा असेल तर तोही मिळेल. ‘रँडम डेब्यू’ची सोय निवडली, की निरनिराळ्या काळांतले खेळाडू नवोदित म्हणून वाट्टेल त्या वर्षी लीगमध्ये येतात, वयाने वाढतात, जखमी होतात आणि निवृत्त होतात. त्यामुळे वर्षानुवर्षे चालणारी लीग हवी असेल तर याला तोड नाही. मात्र खेळाडूची वाढ यंत्रणेवर सोडली तर तुमचा रूथ तेविसाव्या वर्षी सामान्य ठरू शकतो. ज्यांना रूथ हा रूथच हवा आहे, त्यांनी प्रत्यक्ष आकडेवारीवरून दरवर्षी गुणांकन नव्याने काढण्याचा पर्याय आधीच निवडून ठेवावा. अन्यथा पहिल्याच हंगामानंतर कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, शिव्या खाव्या लागतील.

पर्याय कोणताही घेतला तरी एक बाब नियमावलीत हातानेच लिहावी लागते, ती म्हणजे वापराची मर्यादा. एड वॉल्शने १९०८ मध्ये ४६४ इनिंग टाकल्या; पेड्रो मार्टिनेझने २००० च्या अफलातून हंगामात २१७. वॉल्शला त्याच्या इनिंग जशाच्या तशा दिल्या, तर एकाच जागेवर दोन अव्वल पिचर मिळाल्यासारखे होते. मी सर्वांसाठी २५० इनिंगची कमाल मर्यादा सुचवेन. दुसऱ्या टोकाला २०२० चा साठ सामन्यांचा हंगाम आहे. शेन बीबरचा १.६३ चा ईआरए (नऊ इनिंगमागच्या अर्न्ड धावा) त्या वर्षी ७७ इनिंगांपुरताच टिकायचा होता. पूर्ण हंगामभर त्याला तसाच वापरू देणे अन्यायाचे ठरेल. जोश गिब्सनच्या १९४३ मधल्या ०.४६६ सरासरीलाही, जी २०२४ पासून मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत एका हंगामातली सर्वोच्च आहे, हाच नियम लावावा लागतो, कारण कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगचे नोंदलेले हंगाम लहान असत. यावर उपाय म्हणजे त्या खेळाडूंचा एकच हंगाम न घेता संपूर्ण कारकीर्द घ्यावी. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी ०.३७२ आहे, म्हणजे टाय कॉबच्याही वर, तेव्हा त्याचे काही बिघडत नाही. लीगमध्ये सॅचेल पेज आणि ऑस्कर चार्ल्सटन हे निग्रो लीगचे दिग्गज नसतील तर ‘सर्वकालीन’ हा शब्द वापरूच नये. स्ट्रॅट-ओ-मॅटिकने या खेळाडूंचा स्वतंत्र कार्डसंच २००९ मध्येच काढला होता, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट.

वेळेचा विचारही निर्णायक ठरतो. दहा संघ आणि प्रत्येकी १६२ सामने धरले तर एकूण ८१० सामने होतात. फासे टाकून एका सामन्याला अर्धा तास लागतो, म्हणजे चारशेहून अधिक तास. त्यामुळे कार्डांवर खेळायचे असेल तर सदस्य एकाच गावातले असावेत आणि हंगाम चाळीस सामन्यांचा ठेवावा. निम्मे सदस्य पुण्यात आणि निम्मे न्यू जर्सीत असतील तर ओओटीपी सोयीचा पडतो : प्रत्येकाने आपला संघ आणि डावपेच सवडीने पाठवायचे, कमिशनरने ठरलेल्या दिवशी आठवडाभराचे सामने चालवायचे आणि निकालांची फाइल सर्वांना परत द्यायची.

माझा कौल असा. शनिवारी संध्याकाळी एका टेबलाभोवती बसणारे सहा-आठ जण असतील तर स्ट्रॅट-ओ-मॅटिक घ्यावे, मात्र १९२० पूर्वीचे पिचर ड्राफ्टमधून वगळावेत किंवा प्रत्येक संघाला एकच द्यावा. काळाचा एवढा हिशेब स्वतः केला की कार्डांची गंमत दुसऱ्या कशात नाही. एकदाच खेळायची, पण वादातीत निकालांची स्पर्धा हवी असेल तर डायमंड माइंड. दूरदूरचे सदस्य आणि दीर्घ चालणारी लीग असेल तर ओओटीपी, त्यात वातावरण एखाद्या मध्यम वर्षाचे आणि वाढीची यंत्रणा बंद. त्याची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि लीगमध्ये सर्वांकडे एकच आवृत्ती असावी लागते, म्हणून बदल दर किती हंगामांनी करायचा आणि तो खर्च कोणी सोसायचा, हे ड्राफ्टच्या आधीच लेखी ठरवून घ्यावे.